कॅन्सरचं इंजेक्शन आणि लघवीतून जाणारं प्रोटीन: संबंध काय?

सोनचाफा (धागाकर्ती)

आईला (वय ६७) मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. केमोबरोबर दर दोन आठवड्यांनी बेवासिझुमॅब सलाइनमधून देतात. पाच वेळा काही अडचण आली नाही. परवा सहाव्या वेळी डे केअरला बेड मिळाला, सुई लागली, आणि सिस्टर येऊन म्हणाल्या, "लघवीत प्रोटीन टू प्लस आलंय. सर म्हणताहेत आज फक्त केमो, बेवा नको."

आईचा पहिला प्रश्न: "मला मेली डाळ घशाखाली उतरत नाही, प्रोटीन येतंय कुठून?"

डॉक्टर घाईत होते. साइड इफेक्ट आहे, चोवीस तासांची लघवी तपासून या, एवढं सांगून गेले. घरी येऊन वाचलं. गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला व्हीईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर लागतो आणि हे औषध त्याला पकडून ठेवतं, इथपर्यंत समजलं. पुढे वाचलं की १९८३ मध्ये हा पदार्थ सापडला तेव्हा त्याचं नाव 'व्हॅस्क्युलर पर्मिएबिलिटी फॅक्टर' होतं. रक्तवाहिन्यांना झिरपायला लावणारा! मग त्याचेच हात बांधले तर गळती कमी व्हायला हवी ना? मूत्रपिंडात ती वाढते कशी?

मी कॉमर्सवाली आहे, सावकाश सांगा. उपचारांचा सल्ला नको, त्याला डॉक्टर आहेत.

रिकामटेकडा

शीर्षक वाचून जिमवाल्यांचा धागा वाटला होता. आईंना लवकर आराम पडो. चहा घेऊन बसतो इथेच.

पेठेतला_बाळ्या

सोप्पंय. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. औषधाने गाळणीला भोक पडलं, चोथा कपात आला. यात व्हीईजीएफ-बीजीएफ कशाला?

डॉक_नाशिककर

बाळ्या, गाळणी म्हणा, पण चहाची नको. चक्का टांगायच्या पंच्याच्या जवळ जाणारं आहे ते, आणि पंचाही तीन पदरी.

सोनचाफा, एकेका मूत्रपिंडात साधारण १० लाख गाळणघटक असतात. प्रत्येकात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक पुंजका. सगळे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातलं बहुतेक परत शोषलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. हिशेब तुमचाच प्रांत, म्हणून आकडे देतो. रक्तद्रव्यात लिटरमागे साधारण ७० ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे पंचा नसता तर १८० लिटरबरोबर दिवसाला १२ किलोहून जास्त प्रोटीन गेलं असतं. निरोगी माणसाच्या लघवीत जातं १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी. (थोडं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, पंच्यातूनही निसटतं, ते पुढच्या नळ्या उचलून घेतात.)

तीन पदर असे. आतला पदर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींचा. त्यांना गोल खिडक्या असतात. मधला पदर बेसमेंट मेम्ब्रेन, कोलॅजन आणि लॅमिनिनची जाळी. बाहेरचा पदर पोडोसाइट पेशींचा. या ऑक्टोपससारख्या रक्तवाहिनीला मिठी मारून बसतात. दोन शेजारणींची पावलं एकमेकींत अडकतात, दोन्ही हातांची बोटं गुंफावीत तशी, आणि मधल्या फटीवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा पडदा ताणलेला असतो.

हे नेफ्रिन १९९८ मध्ये सापडलं. फिनलंडमध्ये काही बाळं जन्मतःच भरमसाट प्रोटीन गाळणारी असत. त्यांच्या बिघडलेल्या जीनचा शोध घेताना कार्ल ट्रिगव्हासन यांच्या गटाला ते मिळालं. एवढं एकच प्रथिन नसलं, तर पंचा असून नसल्यासारखा.

तुमच्या आईंच्या डाळीचा संबंध नाही. जे चाललंय ते रक्तातलं तयार प्रोटीन आहे.

पेठेतला_बाळ्या

बरं, पंचा तर पंचा. फाटलाच ना शेवटी?

उंदीरमामी

फाटला नाही बाळ्या. त्याला निरोप मिळेनासा झाला.

ओळख देते. मी पाच वर्षं पोडोसाइटवर पीएचडी केली, आता ते क्षेत्र सोडलंय. आयुष्यातली उमेदीची वर्षं उंदरांची लघवी गोळा करण्यात गेली. (उंदीर शेपटीला धरून उचलला की घाबरून लगेच करतो, खाली बशी धरायची. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं.)

सोनचाफाचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. व्हीईजीएफ मूत्रपिंडात भरपूर बनतो, आणि तो बनवतात पोडोसाइट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा पदर. त्याची जरूर असते सगळ्यात आतल्या, खिडकीवाल्या पदराला. पाणी आतून बाहेर वाहतंय आणि निरोप बाहेरून आत जातोय, प्रवाहाच्या उलट. तो कसा पोचतो यावर माणसांनी बराच वाद घातलाय. पण पोचतो, आणि रोज पोचावा लागतो. त्या खिडक्या एकदा बांधल्या की कायमच्या, असं नाही. निरोप थांबला की अस्तराच्या पेशी सुजतात, खिडक्या बुजतात.

हे कशावरून? टोरांटोच्या सुझन क्वॅगिन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये फक्त पोडोसाइटमधला व्हीईजीएफचा जीन काढलेले उंदीर तयार केले. दोन्ही प्रती काढल्या तर पिल्लं जन्माच्या सुमारासच मेली. एक प्रत ठेवली, म्हणजे निरोप निम्मा, तर अडीच आठवड्यांची होईतो लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि पुंजक्यातल्या पेशी सुजलेल्या दिसल्या. आणि उलट, व्हीईजीएफ जास्त बनेल असं केलं तर? तेव्हाही पुंजके कोसळले, प्रोटीन गळलं.

म्हणजे कमी झालं तरी गळती, जास्त झालं तरी गळती. माप बरोबर हवं.

खडूस_काका

उंदीरमामी, तुमचं सगळं ऐकलं, पण एक शंका आहे. डॉक म्हणतात आतल्या पदराला खिडक्या आहेत. तुम्ही म्हणता औषधाने त्या बुजतात. खिडकी बंद केली तर घरात धूळ कमी येते की जास्त? गळती कमीच व्हायला हवी. विज्ञानाच्या नावाखाली काहीही खपवायचं?

रिकामटेकडा

काका फॉर्मात. चहा संपला, पोहे टाकायला सांगतो.

उंदीरमामी

काका, हीच शंका मला माझ्या गाइडने पहिल्या महिन्यात विचारली होती आणि मी गप्प बसले होते.

आधी मापं बघा. खिडकी ६० ते १०० नॅनोमीटर, अल्ब्युमिनचा रेणू ७च्या आसपास. दरवाजातून मांजर जावं तसं ते खिडकीतून जाईल. म्हणजे अल्ब्युमिन अडवणं हे एकट्या खिडकीचं काम नव्हतंच. खिडक्या पाण्यासाठी आहेत. त्या बुजल्या की पाणी कमी गाळलं जातं, हे तुमचं बरोबर, आणि तसं घडतंही. गाळण्याचा वेग उतरतो.

पण गळती त्याच वेळी वाढते, कारण पदर एकमेकांच्या आधाराने जगतात. अस्तराच्या पेशींवर साखर-प्रथिनांची एक बुळबुळीत साय असते, तीही अडथळ्याचा भाग आहे, आणि पेशी आजारी पडली की साय विरते. दुसरं, बाहेरचे पोडोसाइटही बिघडतात. २००३ मध्येच दुसऱ्या एका गटाने साध्या, निरोगी उंदरांना व्हीईजीएफविरोधी अँटिबॉडी टोचली. काही तासांत प्रोटीन जायला लागलं आणि नेफ्रिन कमी झालेलं दिसलं. एकच एक कारण दाखवून मोकळं होता येत नाही. माणसातही रक्तदाब वाढतो तो वेगळाच, आणि तो आगीत तेल ओततो.

डॉक_नाशिककर

यात भर. २००८ मध्ये त्याच टोरांटो गटाने आणि इतरांनी बेवासिझुमॅब घेणाऱ्या सहा रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सी प्रसिद्ध केल्या. बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या आणि सुजलेलं अस्तर. वाढ पूर्ण झालेल्या उंदरांमधला व्हीईजीएफचा जीन बंद केल्यावर दिसलं, तेच चित्र. एरवी उंदरांत एक आणि माणसांत भलतंच, असं आमच्या धंद्यात नेहमी होतं. इथे दोन्ही जुळलं. सगळ्यांना इतकं होत नाही हो सोनचाफा, घाबरू नका. बहुतेकांना नुसतं थोडं प्रोटीन जातं आणि रक्तदाब चढतो.

गोधडी

उंदीरमामींचा 'निम्मा निरोप' वाचून अंगावर काटा आला. माझी गोष्ट औषधाची नाही, बाळंतपणाची आहे.

आठवा महिना सुरू. पायांवर सूज आली तर सासूबाई म्हणाल्या मुलगा आहे. नंतर अंगठी निघेना, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तपासलं तर बीपी १६०/१०४ आणि लघवीत थ्री प्लस. प्रीएक्लॅम्प्सिया. चौतिसाव्या आठवड्यात सिझर. मुलगी झाली, १ किलो ९००. आता पाचवीत आहे आणि माझ्यावर ओरडते.

बाळंत झाल्यावर महिन्याभरात लघवी अगदी स्वच्छ. तेव्हा कोणी नीट सांगितलं नाही की किडनीचा आणि बाळाचा संबंध काय. हे तेच आहे का?

उंदीरमामी

गोधडीताई, बरंचसं तेच! प्रीएक्लॅम्प्सियाच्या बायोप्सीत जशा सुजलेल्या पेशी दिसतात, अगदी तशाच त्या निम्म्या निरोपाच्या उंदरांत दिसल्या होत्या.

तिथे व्हीईजीएफ अडवणारं औषध बाहेरून येत नाही, वार सोडते. वारेला रक्तपुरवठा नीट मिळाला नाही की ती एसफ्लिट-१ नावाचं प्रथिन रक्तात जास्त सोडते. व्हीईजीएफ पेशीवर ज्या कुलपात बसतो, त्या कुलपाचाच हा सुटा तुकडा. रक्तात फिरत राहतो आणि व्हीईजीएफला, शिवाय पीएलजीएफ नावाच्या त्याच्या भावंडालाही, वाटेतच पकडतो. बॉस्टनच्या अनंत करुमांची यांच्या गटाने हे २००३ मध्ये दाखवलं. गाभण उंदरीणींना तो तुकडा दिला तर रक्तदाब, लघवीत प्रोटीन, मूत्रपिंडातली सूज, तिन्ही झालं. वार निघाली की तुकड्याचा उगमच गेला, म्हणून तुमची लघवी महिन्यात स्वच्छ.

आता एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर रक्तात मोजायची चाचणीही आहे. ३८ किंवा त्याहून कमी आलं तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फार कमी धरतात.

गोधडी

अकरा वर्षांनी समजलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "वारेचं असं असतंच, आमच्या वेळी मीठ बंद करायचे."

खडूस_काका

मीठ बंद करून ते थांबत नाही, एवढं मलाही माहीत आहे. (होय, उंदीरमामींचं उत्तर पटलं. मांजर-दरवाजा चांगला होता.)

सह्याद्रीचा_वारा

किडनीसाठी कुळथाचं पाणी आणि पुनर्नवा उत्तम. आमच्या गावच्या वैद्यांकडे लोक पुण्याहून येतात. केमोचं विष शरीरातून निघून जाईल.

डॉक_नाशिककर

वारा साहेब, कुळथाचं पिठलं मलाही प्रिय आहे. लोक ते खड्यासाठी पितात. इथे खडा नाही, अडथळा नाही, उलट जास्त सुटतंय. केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता काढा कृपया देऊ नका. आणि जाता जाता: गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणंही अशा वेळी नको, बऱ्याचशा मूत्रपिंडाला जड जातात.

लॅबवाली

सोनचाफाताई, टू प्लसला फार घाबरू नका. ती पट्टी फक्त रंग बदलते. टू प्लस म्हणजे ढोबळ १०० मिलिग्रॅम दर डेसिलिटरला. उलट्या होऊन पाणी कमी प्यायलेल्या माणसाची लघवी गडद असते, त्यात तेवढंच प्रोटीन जास्त दिसतं. म्हणून चोवीस तासांची मागतात.

ती गोळा करण्यात नव्वद टक्के लोक चुकतात (ही टक्केवारी माझ्या वैतागाची आहे, शास्त्राची नाही). सकाळी उठल्यावर पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची कॅनमध्ये घेऊन संपवायचं. एकदा जरी बाथरूममध्ये विसरून केली तर पुन्हा पहिल्यापासून. एक आजोबा अर्धाच कॅन घेऊन आले. विचारलं तर म्हणे, "बाकीची देवळात गेलो होतो तिथे झाली."

कॅन झाकून थंड जागी ठेवा.

रिकामटेकडा

थंड जागी म्हणजे फ्रिजमध्ये?? आमच्याकडे ताकाचा कॅन तसाच असतो. पोहे परत पाठवले.

मधुकर_गोडबोले_नव्हे

मधुमेह १८ वर्षं. लघवीला फेस येतो, टाकी ओढली तरी जात नाही. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो २१०. माझ्याकडेही निरोप कमी पडतोय का? तसं असेल तर व्हीईजीएफ वाढवायचं औषध का देत नाहीत?

डॉक_नाशिककर

काका, फेसाचं निरीक्षण जुनं आहे. लघवीवर बुडबुडे टिकले तर आजार मूत्रपिंडाचा आणि लांबणारा, असं हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत येतं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचे. अंड्याचा पांढरा भाग गोठावा तशी साय धरली की प्रोटीन जातंय. ते १८२७ मध्ये छापून आलं.

तुमच्या रेशोत ३०च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे सुरुवातीची गळती. तुम्ही मधे आहात, अजून बरंच करता येतं.

पण तुमचं गणित आईंच्या उलट आहे. मधुमेहाच्या सुरुवातीला मूत्रपिंडात व्हीईजीएफ वाढतो. मधुमेही उंदरांना तो अडवणारी अँटिबॉडी दिली तर अल्ब्युमिन कमी गेलं.

खडूस_काका

थांबा थांबा. मग गोडबोले-नव्हे यांना बेवासिझुमॅब द्यायचं आणि सोनचाफाच्या आईचं बंद करायचं?

उंदीरमामी

काका, हा मोह बऱ्याच जणांना झाला. पण नंतर मधुमेही उंदरांच्या पोडोसाइटमधला व्हीईजीएफ पूर्णच काढून बघितला, तर मूत्रपिंड आणखी लवकर खराब झालं. जास्तीचा कमी करणं वेगळं, होता तोच बंद करणं वेगळं. आणि त्या मधल्या रेषेवर नेऊन थांबवणारं औषध कोणाकडे नाही.

शिवाय मधुमेहात तो एकटा नसतो. टीजीएफ-बीटा नावाचा दुसरा ग्रोथ फॅक्टर मधली जाळी जाड करतो आणि पुंजक्यात चिकट भराव टाकतो. जाळी जाड झाली तर गळती कमी होईल असं वाटतं ना? नाही होत. जाड पण खराब विणीची. त्याच्यावरही अँटिबॉडी काढून मधुमेही रुग्णांत वापरून पाहिली. उपयोग दिसेना, म्हणून चाचणी मधेच थांबवली. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी जेवायला कोणी गेलं नव्हतं.

डॉक_नाशिककर

म्हणून प्रत्यक्षात आम्ही ग्रोथ फॅक्टरला थेट हात लावत नाही. पुंजक्यातला दाब कमी करतो. टेलमिसार्टन, लोसार्टनच्या घरातल्या गोळ्या. लोसार्टनचा मधुमेही मूत्रपिंडांवरचा मोठा अभ्यास २००१चा आहे. आणि अलीकडे डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, त्यांचा २०२०चा. साखर आणि बीपी आहेच. काका, तुमच्या डॉक्टरांना हा रेशो दाखवाच.

चकलीचा_काटा

अवांतर प्रश्न. बाबांना डोळ्याच्या पडद्यासाठी हेच बेवासिझुमॅब डोळ्यात टोचतात. त्यांचीही लघवी तपासायची का?

डॉक_नाशिककर

डोळ्यात सव्वा मिलिग्रॅम जातं. आतड्याच्या कॅन्सरला किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३००. फरक २४० पट. थोडं रक्तात उतरतं आणि क्वचित प्रोटीन वाढल्याच्या नोंदी आहेत, पण वडिलांना मधुमेह असेल तर लघवी एरवीही वर्षातून एकदा तपासायचीच असते.

गाडगीळांची_सून

माझ्या भाच्याला चौथ्या वर्षी नेफ्रॉटिक (लघवीतून भरपूर प्रोटीन जाण्याचा आजार) झालं. सकाळी डोळे सुजून बंद व्हायचे, सगळे म्हणत होते डास चावला. स्टेरॉइडने दोन आठवड्यांत प्रोटीन बंद. ताईने चार वर्षं रोज पहाटे पट्टी बुडवून वहीत लिहिलंय. तिच्या वहीत एकही खाडा नाही. तिथेही हाच व्हीईजीएफ?

उंदीरमामी

नाही, तिथली कथा वेगळी. लहान मुलांत बहुतेकदा थेट पोडोसाइटची पावलं पसरट होतात, खिडक्या शाबूत असतात. अलीकडे, २०२४ मध्ये, अशा बऱ्याच मुलांच्या आणि मोठ्यांच्या रक्तात नेफ्रिनविरोधीच अँटिबॉडी सापडल्या. डॉकनी वर सांगितलेलं ते नेफ्रिन. फिनलंडच्या बाळांत ते बनतच नव्हतं, इथे बनलेल्यावर स्वतःचंच शरीर हल्ला करतं. तुमच्या ताईंना माझा नमस्कार कळवा. पाच वर्षांत माझ्या लॅबबुकात खाडे किती, ते सांगत नाही.

पेठेतला_बाळ्या

मी 'सोप्पंय' म्हणालो होतो ते मागे घेतो.

सोनचाफा

अकरा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

कॅन प्रकरण लॅबवालींच्या पद्धतीने पार पडलं. पहिल्या प्रयत्नात आई दुपारी विसरली, पुन्हा पहिल्यापासून. आकडा आला १.३ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले २ ग्रॅमच्या वर असतं तर थांबलो असतो, खाली आहे, देऊ. बीपी मात्र १५२/९४ निघालं, जे आधी कोणी नीट बघितलंच नव्हतं. टेलमिसार्टन सुरू झालंय. आता घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहायचं आणि दर वेळी सलाइनच्या आधी लघवी. काल इंजेक्शन झालं.

आईला धागा वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "म्हणजे गाठीचं टपाल बंद करायला गेले आणि माझंही बंद झालं." मग थोड्या वेळाने, "गाठीचं तरी नक्की बंद झालंय ना?"

त्याचं उत्तर पुढच्या महिन्यात स्कॅनला.

डॉक_नाशिककर

स्कॅननंतर इथे लिहा. बीपीची वही डॉक्टरांना दर वेळी दाखवा, नुसती जवळ ठेवू नका. आईंना सांगा, नाशिकच्या डॉक्टरने टपालाची उपमा चोरली आहे, उद्यापासून ओपीडीत वापरणार.

गोधडी

आईंसाठी प्रार्थना. स्कॅनच्या दिवशी आठवण करेन.

लॅबवाली

कॅन लॅबला परत दिलात ना? लोक नंतर त्यात रॉकेल ठेवतात.